प्रभुदास बत्तीवाले आणि बसचे दिवे

दौंड जंक्शनात प्रभुदास पाटोळे यांनी पस्तीस वर्षं दिवे लावले, आणि त्या पस्तीस वर्षांत त्यांच्या एकाही दिव्याच्या उजेडात कुणाला सुई ओवता आली नाही. याचा त्यांना कमीपणा वाटत नसे, उलट अभिमानच वाटे. सिग्नलचा दिवा म्हणजे काय घरातली चिमणी आहे, की तिच्याखाली बसून लसूण सोलावा? दिवस कलला की एका हातात घासलेटचा डबा, कमरेला वात कातरायची कात्री, आणि लोखंडी शिडीनं सरसर खांबावर. काच पुसायची, तेल घालायचं, वात सरळ कापायची, दिवा लावून खाली उतरायचं, की पुढचा खांब. असे बावीस खांब. सारं दौंड त्यांना प्रभुदास बत्तीवाले म्हणून ओळखे. पाटोळे हे आडनाव फक्त पगाराच्या कागदावर होतं.

"दिवा उजेडासाठी नसतोय बाबा, निरोपासाठी असतोय," हे त्यांचं आवडतं वाक्य. ऐकणारा जांभई देईपर्यंत ते समजावून सांगत. तांबडा म्हंजी थांब, हिरवा म्हंजी चल, पिवळा म्हंजी जपून. सायबाच्या गाडीचा डायवर असो की मालगाडीचा, तांबड्यापुढं सगळ्यांना उभं राहावंच लागतंय. आणि तो तांबडा लावतंय कोण? प्रभुदास!

त्यांची बायको राहेलबाई तोंडानं फटकळ होती. "हितं चिमणी काजळून माजे डोळे गेले," ती चुलीपुढून ओरडे, "आन् हा बाबा आगगाडीला उजेड दावत फिरतोय!" प्रभुदास हसत आणि उद्या बघतो म्हणत. तो उद्या काही उगवला नाही. राहेलबाई गेली, आणि पाठोपाठ दोन वर्षांनी नोकरीही संपली. रेल्वेनं हार घातला, नारळ दिला, क्वार्टर रिकामं करायला सांगितलं. मूलबाळ नव्हतं. प्रभुदास पेटी उचलून शिरूरला पुतण्याकडे आले, चर्चच्या मागच्या खोलीत.

दिवसभर ठीक असे. पण सांज झाली की माणसाचे हात शिवशिवायला लागत. आधी पुतण्याच्या घरचे कंदील झाले. मग शेजाऱ्यांचे झाले. मग चर्चची गॅसबत्ती झाली. लोकांनी नको नको म्हटलं तरी हे काच पुसून वात कातरून मोकळे. पुतण्याची बायको एकदा वैतागून म्हणाली, "मामंजी, आवो उजेड हाय अजून, वासरं बी घरी आली न्हाईत!" त्या दिवशी प्रभुदास चर्चच्या पायऱ्यांवर जाऊन बसले, आणि अंधार पडेपर्यंत रिकाम्या हातांकडे बघत राहिले. वाईट वाटलं हो त्यांना. पस्तीस वर्षं ज्यानं एक्स्प्रेस थांबवली, त्याला आता कंदील कुणी देईना.

अशात सत्तावन्न साली ती बस आली.

बस हौसराव आप्पांची. हौसराव म्हणजे भीमाकाठचे मोठे बागायतदार, सोसायटीत चेअरमन, आणि एके काळी स्वतःच्या मोटारीचे मालक. सरकारनं खाजगी मोटारींचे रस्ते आपल्याकडे घेतले आणि आप्पांची बस गोठ्याशेजारी उभी राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालायला लागल्या. विकायला काढली तर कुणी घेईना. तेव्हा आप्पांच्या मनात दानधर्म जागा झाला. त्यांनी ती शिरूरच्या चर्चच्या लहानशा दवाखान्याला देऊन टाकली, आणि अट एवढीच घातली की बाहेरून आपलं नाव पाहिजे, आणि ते लांबून वाचता आलं पाहिजे.

दवाखान्याच्या कमिटीनं बस धुतली, बाकडी काढली. आत एका अंगाला नर्सबाईंची झोपायची फळी आणि पडदा, मध्ये तपासायचं टेबल, मागं स्टोव्ह, पाण्याची टाकी, औषधांचं कपाट. ड्रायव्हरच्या मागं आणखी एक फळी. महिन्यातले पंधरा दिवस बस खेड्यांतून हिंडायची, रात्री गावाबाहेर मुक्काम करायची, म्हणजे दवाखानाही तोच आणि घरही तेच. फार छान कल्पना. मग प्रश्न निघाला तो बसला बाहेरून दिवे कुठले लावायचे, आणि त्यात कमिटीच्या तीन बैठका खलास झाल्या.

चर्चचे पाळक याकोबराव यांना बसच्या टपावर उजळलेला क्रूस हवा होता. "बंधुजनहो, डोंगरावरचं नगर लपत नाही," ते म्हणाले. आपल्याकडे डोंगर नाही, बस आहे, असं कुणी म्हणालं नाही. हौसराव आप्पांना पाटीवर दोन बल्ब हवे होते, एक 'हौस'वर आणि एक 'राव'वर. ड्रायव्हर सोपानरावांनी डोकं खाजवून सांगितलं की बॅटरी म्हातारी आहे. एवढ्या दिव्यांनी ती रात्रीत मान टाकेल आणि सकाळी गाडी ढकलायला मंडळींनाच यावं लागेल.

चौथी मागणी नर्स कृपाबाईंची. ज्या बाई त्या बसमध्ये राहणार होत्या, त्यांना सगळ्यात शेवटी विचारलं. कृपाबाई चाळिशीच्या, सडसडीत, बोलायला सरळ. "मला दाराच्या पायरीवर एक पांढरा दिवा द्या," त्या म्हणाल्या. "पायरी उंच आहे. म्हातारी माणसं चढणार, पोटुशा बायका चढणार. त्यांचा हात धरायला मीच, आणि कंदील धरायलाही मीच. देवानं मला दोनच हात दिलेत."

"नोंद घ्या," पाळकसाहेब म्हणाले. नोंद घेतली. एकदा का नोंद घेतली की त्या कमिटीत पुढं काही करायचं नसे.

घोडं असं अडलं तेव्हा कुणाला तरी प्रभुदास आठवले. पस्तीस वर्षं दिव्यांत काढलेला माणूस चर्चच्या मागं बसलाय आणि आपण इथं डोकी फोडतोय! प्रभुदास रेल्वेचा जुना काळा कोट घालून बैठकीला आले. सगळ्यांचं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "तुमी समदे चुकताय. दिवा लावायचा तर तो काय सांगनार हाय, ते आधी ठरवा. क्रूसावरचा दिवा काय सांगतो? न्हाई सांगत. आप्पांच्या पाटीवरचा काय सांगतो?"

"माजं नाव सांगतो," हौसराव म्हणाले.

"ते तर पाटी बी सांगती! आन् कृपाबाई, तुमच्या पायरीला दिवा लावून पायरी काय बोलनार हाय?"

"पायरी बोलत नाही, मामा. माणसं पडली की बोलतात," कृपाबाई म्हणाल्या. पण कमिटी तोवर प्रभुदासांच्या तोंडाकडे बघत बसली होती.

प्रभुदासांनी मग आपली योजना सांगितली. बसच्या टपाला एक खांब. त्यावर सिग्नलची बत्ती. आत रोगी असेल तर तांबडा, म्हणजे बाकीच्यांनी लांब थांबायचं. बाई मोकळ्या झाल्या की हिरवा, म्हणजे पुढच्यानं यायचं. सांसर्गिक रोग असेल तर पिवळा. गर्दी नाही, गोंधळ नाही, ढकलाढकली नाही. सगळं घासलेटवर, बॅटरीला हातसुद्धा लावायला नको. कमिटी खूश झाली. खांबाला आडवी दांडी होतीच. पाळकसाहेबांना तिच्यात क्रूस दिसला. हिरवी बत्ती नेमकी आप्पांच्या पाटीशेजारी येत होती. नाव हिरवं दिसेल म्हणून आप्पांनी मान डोलावली. पायरीची नोंद नोंदवहीत सुखानं झोपली होती.

आणि हे दिवे लावायला, विझवायला, कातरायला एक माणूस लागणार, हे ओघानंच आलं. पाळकसाहेबांनी पदाला नावही काढलं, 'दीपपाल'. दोन मुक्काम नीट पार पडले की प्रभुदास कायम, ड्रायव्हरच्या मागची फळी त्यांची. प्रभुदासांना त्या रात्री झोप आली नाही. पगार काय देणार हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. रोज सांजेला आपल्या हातानं लावायचे पाच दिवे पुन्हा मिळणार, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं. दुसऱ्याच दिवशी दौंड गाठून त्यांनी भंगारवाल्याकडून चार जुन्या बत्त्या आणि एक तांबडा, हिरवा, पांढरा अशी तीन रंगांची हातबत्ती हुडकून आणली, आणि आठवडाभर घासून घासून आरशासारख्या केल्या.

पहिला मुक्काम इनामगावला, घोड नदीकाठी. दिवस मावळला, पहिला रोगी आत गेला, प्रभुदासांनी तांबडा चढवला, आणि सगळं गाव त्या तांबड्याकडे धावत सुटलं. पोरं, बाया, म्हातारे, एकाच वेळी सगळे पायरीवर! "थांबा! तांबडा हाय!" प्रभुदास ओरडत होते. "व्हय, लई झ्याक हाय," म्हणत लोक चढत होते. अनसाबाई नावाच्या एका म्हातारीनं तर बसपुढं नारळ फोडला आणि तांबड्या दिव्याला हात जोडले. देवी कुठली हे तिला माहीत नव्हतं, पण तांबड्या दिव्याची देवी कडक असणार, एवढं तिला कळत होतं. प्रभुदासांनी अर्धा नारळ प्रसाद म्हणून निमूटपणे घेतला, आणि पाळकसाहेबांना सांगू नका म्हणून सोपानरावांना विनवलं. कृपाबाई मात्र त्या दिवशी काखेत कंदील धरून रोगी चढवत होत्या. त्यात त्यांची बाही भाजली.

"आडानी गाव," प्रभुदास परतीच्या वाटेवर कुरकुरले. "रुळ बघितलेला न्हाई कुनी. सिग्नल कळायला मानूस रेल्वेकाठचं पायजे. दौंडाकडं चला, मंग दावतो."

म्हणून दुसरा मुक्काम दौंडच्या अलीकडच्या एका गावी पडला. गावाला रेल्वेचं फाटक होतं, निम्मं गाव रुळावर कामाला. इथं मात्र प्रभुदासांच्या मनासारखं झालं. तांबडा चढला की लोक बाभळीखाली उभे. हिरवा झाला की एक जण पुढं. कुणी धक्का नाही, कुणी आरडाओरडा नाही. प्रभुदास कोटाची बटणं लावून खांबाखाली उभे राहिले, आणि कित्येक महिन्यांनी त्यांचा ऊर भरून आला. आपली माणसं! शिकलेली माणसं!

अंधार पडता पडता एक आबा मानेवरचं गळू घेऊन आले. तांबडा लागला. कृपाबाईंनी गळू फोडलं, धुतलं, पट्टी बांधली, दहा मिनिटांत आबा बाहेर. पण आबा पायरीवरच बसले. त्यांनी तंबाखू काढली, आणि थोरल्या सुनेची कहाणी सुरू केली. आता रेल्वेचा नियम असा, की आधीची गाडी पार गेल्याशिवाय मागच्या गाडीला हिरवा द्यायचा नाही. आबा पायरीवर, म्हणजे लाइन मोकळी नाही. लाइन मोकळी नाही, म्हणजे तांबडा. आबांची थोरली सून संपली, मधली सुरू झाली. आत कृपाबाई चहाला आधण ठेवून वाट बघत होत्या, की आज लोक एवढे कमी कसे? बाहेर तांबडा तासभर जळत होता.

आणि फर्लांगभर लांब, ओढ्याच्या अलीकडच्या काठाला, एक बैलगाडी त्या तांबड्याकडे बघत उभी होती.

गाडी म्हस्कूची होती. म्हस्कू वाडीवरचा शेतकरी. एकदा बंद फाटकातून गाडी घातली म्हणून त्याला दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं होतं, तेव्हापासून तांबडा दिवा दिसला की तो आणि त्याचे बैल एकदमच थांबत. गाडीत त्याची सून साखरबाई, सकाळपासून अडलेली. जवळ तिची सासू, डोळ्याला पाणी. "आवो, घाला की गाडी पुढं," सासू म्हणत होती. "आगं, तांबडा हाय न्हवं!" म्हस्कू म्हणत होता. "हिरवा झाला की निघतोच."

साखरबाईचं ओरडणं कृपाबाईंनी ऐकलं. बाईच्या कानाला ते ओरडणं लगेच कळतं. त्यांनी पेटी उचलली, आबांच्या डोक्यावरून उडी मारली, आणि आवाजाच्या रोखानं अंधारात पळत सुटल्या. मागून प्रभुदास हातबत्ती घेऊन धावले. हातबत्तीची काच तांबड्यावर होती; नियमच तसा होता. म्हस्कूनं बघितलं, तर खांबावरचा तांबडा तर आहेच, वर दुसरा तांबडा आपल्याकडेच पळत येतोय! त्याची पाचावर धारण बसली. त्यानं बैल वळवले आणि गाडी माघारी ओढ्यात घातली.

"मामा! तो दिवा फेका आधी!" कृपाबाई किंचाळल्या. "तुमच्या दिव्यापायी पळतोय तो!"

प्रभुदासांनी पळता पळता काच फिरवली. पांढरा उजेड पडला. गाडी थांबली.

ओढ्यातच, गाडीतच, पोर जन्मलं. प्रभुदासांनी गाडीच्या दांडीशी उभं राहून दिवा धरला. "खाली," कृपाबाई म्हणाल्या की खाली, "इकडं" म्हणाल्या की इकडं. पोर निळं होतं, रडेना. कृपाबाईंनी त्याला उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडातला चिकटा काढला. उजेड हलला, तशा त्या प्रभुदासांवर खेकसल्या, "नीट धरा, मला दिसत नाही!" आणि पस्तीस वर्षांचा बत्तीवाला दोन्ही हातांनी दिवा धरून उभा राहिला. शेवटी पोर रडलं. साखरबाईचं रक्त फार गेलं होतं. सोपानरावांनी बस आणली, आणि तिला दौंडच्या दवाखान्यात पोचवलं. जगली.

"अजून पाव तास गेला असता, तर..." कृपाबाई परतताना एवढंच म्हणाल्या, आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

म्हस्कूला मात्र राग नव्हता. त्यानं प्रभुदासांचे हात धरले. "मामा, सिग्नल मोडला न्हाई म्या. सून वरडत व्हती, बायकू रडत व्हती, पर म्या न्हाई मोडला! दिवा तुमचा लई नामी, पार वड्यापास्नं दिसतोय." आयुष्यात इतका आज्ञाधारक माणूस प्रभुदासांना भेटला नव्हता.

पुढल्या रविवारी उपासनेनंतर कमिटी बसली. कृपाबाईंनी लिहून दिलेला अहवाल पाळकसाहेबांनी वाचला. त्यात होतं : वाटेत एक प्रसूती, बाळबाळंतीण सुखरूप. बस, एवढंच. प्रभुदासांचं नाव बाईंनी कुठंही घातलं नव्हतं. सोपानरावांनी भर घातली की तांबडा दिवा ओढ्यापासून दिसला, फर्लांगभर तरी असेल. "शाब्बास!" हौसराव म्हणाले. "मंग हिरव्यात माजं नाव बी दिसत असंल." पाळकसाहेबांनी प्रभूचे आभार मानले, आणि प्रभुदासरावांना दीपपाल म्हणून कायम करावं अशी सूचना मांडली.

प्रभुदास उठले. कोट घातलेला नव्हता.

"त्या दिव्यापायी ती बाई मेली असती," ते म्हणाले. "तासभर गाडी उभी व्हती. माज्या नियमानं. कृपाबाई दडवत्यात, पर म्या सांगतो. म्हस्कूनं समदं बराबर केलं. चूक माजी हाय."

कृपाबाईंनी मान खाली घातली.

"ते समदे दिवे काढा," प्रभुदास पुढं बोलले. "पायरीला एक पांढरा बल्ब बसवा. लहान बसवा, बॅटरीला झेपंल असा. बाईंनी पयल्यांदाच सांगितलं व्हतं, म्याच आडवा आलो."

"म्हंजी माजं नाव अंधारात?" हौसरावांनी विचारलं. पाळकसाहेबांनी त्यांना हातानं गप्प केलं, चष्मा पुसला, आणि हळूच म्हणाले, "पण प्रभुदासराव, दिवा एकच राहिला, तोही बॅटरीवरचा, तर मग... दीपपाल..." मग वहीकडे बघत त्यांनी ठराव वाचला : पायरीस एक दिवा लावावा, बाकीचे दिवे काढावेत, आणि दीपपालाचं पद गरज नसल्यानं रद्द करावं. "अनुमोदन कोण देतंय?"

कुणी हात वर करेना. मंडळी चांगली होती, पण असल्या वेळी सगळ्यांना आपापल्या चपलांकडे बघायचं असतं. शेवटी प्रभुदासांनी स्वतःच हात वर केला. ठराव सर्वानुमते पास झाला. वर प्रभुदासरावांचे आभार मानल्याचीही नोंद झाली.

दिवा मात्र त्यांनी दुसऱ्या कुणाला बसवू दिला नाही. सोमवारी दिवसभर ते पायरीपाशी बसून होते. तार ओढली, बल्ब पायरीवर नेमका पडेल असा वाकवला, चढणाऱ्याच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून वर पत्र्याची झापड केली. कृपाबाईंना चार वेळा पायरी चढायला उतरायला लावलं. बाईंनीही मुकाट्यानं चढउतार केला. सांज होत आली होती. बस निघायची वेळ झाली, सोपानराव हॉर्न वाजवत होते.

"मामा," कृपाबाईंना राहवेना, "कमिटीशी मी बोलते. दिवा लावायला माणूस लागतोच."

"कशाला?" प्रभुदासांनी दाराच्या आतलं काळं बटण दाखवलं. "हे बघा. खाली केलं की लागतोय, वर केलं की इझतोय. वात न्हाई, तेल न्हाई. ह्याला मानूस कशापायी? दाबून बघा बरं."

बाईंनी बटण दाबलं. उजेड सरळ पायरीवर पडला, आणि पायरीशी उभ्या प्रभुदासमामांच्या तोंडावर. त्या तोंडाकडे एकदा बघून कृपाबाईंनी घाईघाईनं बटण वर केलं.